वैजनाथरावांच्या सतरा शाली

वैजनाथराव ढोकचौळे यांच्या कपाटात सतरा शाली होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी कधी पांघरली नव्हती. शाल ही पांघरायची वस्तू आहे असं ज्याला वाटतं त्याचा कधी सत्कार झालेला नसतो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पंचायत समितीत छत्तीस वर्षं काढून ते हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते. प्रत्येक शालीला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असे. चिठ्ठीवर तारीख, स्थळ, प्रसंग आणि कोणाच्या शुभहस्ते. शालींच्या घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या असत. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, शालींना गच्चीवर ऊन दाखवलं जाई. तेव्हा वैजनाथराव स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसत, कारण वॉर्ड नंबर सातमध्ये कावळे फार होते.

थंडी पडली की सविताबाई म्हणत, "त्यातली एखादी द्या हो, गुडघे गार पडतात."

"गुडघ्यांचा सत्कार झालेला नाही," वैजनाथराव म्हणत, आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात टाकत.

तर अशा या घरात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची नात धनश्री शाळेतून आली आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "आबा, शिवकन्या वर्गात झोपते."

धनश्री पाचवीत होती. वैजनाथरावांनी तिला तत्त्व म्हणून नगरपालिकेच्या शाळेत घातलं होतं. फी नव्हती हेही एक तत्त्वच. तिच्याबरोबर मागच्या गल्लीतली इन्शा होती. या दोघी जिथे जात तिथे जोडीनेच जात.

"झोपते तर बाईंना सांगा."

"बाई उठवत नाहीत तिला. त्या म्हणतात, झोपू द्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिवकन्या पाथर्डीकडची. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली. नेवासा रस्त्याला एका मोकळ्या वावरात टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. आठ कोयत्यांची टोळी, म्हणजे आठ जोडपी, आणि त्यांची मिळून सात पोरं. कोपीच्या भिंती पाचटाच्या. पहाटेचा वारा त्यांतून सरळ आत येई. आई रंगुबाई आणि बाप चार वाजताच उसाकडे जात. मागे तिघं भावंडं एका चवाळ्यात, ज्याने ओढलं त्याचं. त्यामुळे शिवकन्येची झोप राहायची ती वर्गात पूर्ण व्हायची.

"मी तिला माझा स्वेटर दिला," धनश्री म्हणाली.

"शाबास."

"दुसऱ्या दिवशी तो तिच्या भावाच्या अंगात होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कोपीतल्या बाळाच्या."

"एकीला दिलं की ती वाटून टाकती," इन्शा म्हणाली. "म्हणून सातही पोरांना एकदमच द्यायला पाहिजे."

वैजनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस मनाचा चांगला होता, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पण डोळ्यांत पाणी आलं की त्यांचा हात आपोआप कागदाकडे जाई, आणि कागद पुढे आला की विषय हाताबाहेर जाई.

रात्रीच्या जेवणाआधीच 'बालकरुणा ऊबदान समिती, वॉर्ड नंबर सात' स्थापन झाली. अध्यक्ष वैजनाथराव. सचिवपद महत्त्वाचं असल्याने तेही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. धनश्री आणि इन्शा यांना निमंत्रित सदस्य म्हणून घेण्यात आलं. घरात आवक-जावक रजिस्टर होतंच, कारण गॅसवाल्याला लिहिलेली तक्रारसुद्धा वैजनाथराव जावक क्रमांकाशिवाय पाठवत नसत. त्यांनी कॉलनीसाठी आवाहन लिहिलं: 'तरी आपण शाल, स्वेटर, ब्लँकेट अथवा तत्सम ऊबदार वस्तू देऊन सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'

सविताबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "शाल हा शब्द काढा."

"का?"

"मी या कॉलनीत तीस वर्षं राहते म्हणून."

पण शाल हा शब्द भारदस्त असल्याने राहिला.

पहिल्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार सूर्यभान म्हणाले, "भाऊसाहेब, थंडीवर शेकोटीसारखा उपाय न्हाई. तुमी काड्यापेट्या वाटा. माझ्याकडं ताजा माल हाय." समोरचे एक निवृत्त ओव्हरसियर म्हणाले, की आधी सर्व्हे करा, कोणाला नेमकी किती थंडी वाजते याची आकडेवारी नसताना वाटप म्हणजे अंधारात दगड. वैजनाथरावांना हे पटलं आणि त्यांनी एक तक्ता आखायला घेतला. तेवढ्या वेळात दोन्ही मुली सूर्यभानची हातगाडी घेऊन कॉलनीभर फिरूनही आल्या.

चार दिवसांत हातगाडीवर जमलेल्या वस्तू अशा: एक कानटोपी आणि पंचवीस शाली.

ब्लँकेट नाही. स्वेटर नाही. शाली. आता हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, पण आपल्याकडे सत्काराची शाल ही वस्तू कोणी विकत घेतो तेवढंच. त्यानंतर ती फक्त फिरते. वास्तुशांतीत मिळालेली निवृत्तीला जाते, निवृत्तीची वाढदिवसाला जाते, आणि मधल्या काळात कपाटात बसून पुढच्या माणसाची वाट पाहते. कॉलनीतल्या पंचवीस घरांना पहिल्यांदाच या फेऱ्यातून सुटायची संधी मिळाली होती आणि एकाही घराने ती सोडली नाही. सूर्यभाननी दिलेली शाल तर सविताबाईंनी काठाच्या डागावरून ओळखली. ती त्यांना भाचीच्या लग्नात मिळाली होती, वैजनाथरावांनी ती पतसंस्थेच्या कार्यक्रमात स्वतःच्या हाताने सूर्यभानच्या खांद्यावर घातली होती, आणि आता ती हातगाडीवरून घरी आली होती.

"गुणी आहे," सविताबाई म्हणाल्या. "घर विसरली नाही."

शाली झुळझुळीत होत्या. काठ सोनेरी, पोत असा की पलीकडचा माणूस ओळखू यावा. धनश्रीने एक अंगाभोवती गुंडाळून गच्चीवर उभं राहून पाहिलं आणि पाच मिनिटांत खाली आली.

"हिने काही होत नाही, आबा."

"दानात वस्तू बघायची नसते, भावना बघायची असते," वैजनाथराव म्हणाले.

"भावनेनं थंडी वाजायची राहते का?"

या प्रश्नाची नोंद घेण्यात आली, परंतु उत्तर देण्यात आलं नाही, कारण अध्यक्ष परवानगीच्या मागे होते. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात त्यांनी अर्ज दिला. तिथला क्लार्क म्हणाला, टोळी आमची नाही, ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, मी फक्त उचल देतो, माणसं मुकादमाची. मुकादम वावराच्या बांधावर तंबाखू मळत भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परवानगी कशाला लागती, भाऊसाहेब? या की कवाबी."

"हे लेखी द्याल का?"

मुकादमाने तंबाखू तोंडात टाकली. शेवटी वैजनाथरावांनी स्वतःच मुकादमाच्या वतीने स्वतःला परवानगीचं पत्र लिहिलं, त्यावर मुकादमाचा अंगठा... म्हणजे सही, तो नववी पास होता... घेतली आणि आवक रजिस्टरला नोंदवली. माणसाने असं रीतसर काम केलं की रात्री झोप चांगली लागते. शिवकन्येला मात्र अजून लागत नव्हती.

आता उरला प्रमुख पाहुणा. पंचायत समितीचे माजी उपसभापती भागवतराव यांची तारीख मिळाली: पंधरा दिवसांनंतरचा रविवार, सकाळी अकरा. फ्लेक्स छापून आला. दहा बाय सहा. त्यावर भागवतराव नमस्कार करत होते, त्यांच्या खालोखाल वैजनाथराव चष्मा सावरत होते, आणि कोपऱ्यात एक थंडीने कुडकुडणारा मुलगा होता. तो छापखानेवाल्याने इंटरनेटवरून घेतला होता आणि त्याच्यामागे बर्फ पडत होता.

"इथे बर्फ पडतो का?" इन्शाने विचारलं.

"प्रतीकात्मक आहे," वैजनाथराव म्हणाले, आणि भाषण लिहायला बसले. भाषण चार पानी झालं. त्यात दधीची, कर्ण आणि पंचायतराज व्यवस्था येऊन गेली.

या दोन आठवड्यांत मुली फार शांत होत्या. शाळा सुटली की थेट इन्शाच्या घरी जात आणि अंधार पडल्यावर घरी येत. बोटांना बारीक टोचल्याच्या खुणा. सविताबाईही दुपारच्या कुठे तरी जाऊ लागल्या. वैजनाथरावांना वाटलं, हळदीकुंकवाचे दिवस असतील. डिसेंबरात कसलं हळदीकुंकू, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. भाषणाचं तिसरं पान अवघड जात होतं.

आणि मग त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी धनश्री धावत आली. "आबा, टोळी जाणार. शुक्रवारी पहाटे. इथला ऊस संपला, आता नेवाशाकडे तोड आहे. शिवकन्यानं सांगितलं."

वैजनाथरावांनी भागवतरावांना फोन लावला. फोन त्यांच्या माणसाने उचलला. साहेबांना गुरुवारी तीन लग्नं, शुक्रवारी दोन आणि एक दशक्रिया होती. रविवार म्हणजे रविवार.

दुसरा कोणी असता तर खचला असता. वैजनाथरावांनी कागद ओढला आणि टोळीचं स्थलांतर दोन दिवस पुढे ढकलण्याबाबत मुकादमाला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, सगळं व्यवस्थित. स्कूटरवरून जाऊन समक्ष दिला.

मुकादमाने अर्ज पूर्ण वाचला. नववी पास माणसाने इतकं नीट वाचलेलं वैजनाथरावांनी ऑफिसातही पाहिलं नव्हतं. मग तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या पाव्हन्यासाठी ऊस थांबंल. कारखाना न्हाई थांबायचा. आन आमची चूल कारखान्यावर हाय."

वैजनाथराव स्कूटरकडे वळले. जाताजाता त्यांनी जवळच्या कोपीकडे नजर टाकली. एक पोरगी दारात बसून गुडघ्यांत डोकं घालून झोपली होती. तिच्या मांडीवर एक लहानगं, तेही झोपलेलं, आणि दोघांवर मिळून खताचं रिकामं पोतं. सूर्य अजून मावळायचा होता. त्यांनी स्कूटर लोटत बांधापर्यंत नेली आणि मगच किक मारली. पण याचा अर्थ त्यांनी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

गुरुवारी दुपारी त्यांनी ठरवलं, की पाहुणा नसला तरी किमान मुकादमाचा सत्कार करून कार्यक्रमाला कार्यक्रमाचं रूप द्यायचं. एक शाल लागणार होती. सतरातली सगळ्यात साधी कुठली, याचा विचार करत त्यांनी कपाट उघडलं.

कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या. त्यांच्यावर एक पाकीट होतं. पाकिटात सतरा चिठ्ठ्या, तारीखवार लावलेल्या, आणि वर धनश्रीच्या अक्षरात: 'आबांचे सर्व सत्कार. जपून ठेवणे.'

वैजनाथराव पलंगावर बसले. मग उभे राहिले. मग पुन्हा बसले. "किल्ली," ते म्हणाले.

"मीच दिली," सविताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अंघोळीला जाताना शर्ट खुंटीवर असतो तुमचा."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून कधी एक टाचणी गेली नव्हती. ते तसेच चपला घालून निघाले.

इन्शाची दादी मुबारकबी मागच्या गल्लीत राहायची. गोधड्या शिवणं हा तिचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. अंगणात चटई अंथरली होती. चटईवर एक भलीमोठी गोधडी ताणलेली होती आणि तिच्या चार बाजूंना चार जणी बसल्या होत्या: मुबारकबी, धनश्री, इन्शा आणि गल्लीतली एक बाई. पाचवी जागा मोकळी होती. ती कोणाची हे वैजनाथरावांना तिथे पडलेल्या चष्म्याच्या घरावरून समजलं. भिंतीशी सहा गोधड्या घडी करून ठेवल्या होत्या.

"या भाऊसाहेब," मुबारकबी मान वर न करता म्हणाली. "इन्शा, पानी आन."

"माझ्या शाली."

"हायेत की. एका गोधडीला सहा लागल्या. सात गोधड्या. जमल्या हुत्या पंचवीस. सतरा कमी पडत हुत्या." तिने दोरा दाताने तोडला. "तुमच्या नातीनं सांगितलं, आमच्या आबांकडं बरोबर सतरा हायेत. आल्लाचा हिशोब म्हनायचा."

वैजनाथराव गोधडीवर वाकले. लाल, हिरवं, मोरपंखी, सोनेरी काठांचे चौकोन. ग्रामस्वच्छता अभियानाची शाल त्यांनी ओळखली. तालुका क्रीडा महोत्सवाची ओळखली. मग त्यांचा चेहरा बदलला. "निवृत्तीची कुठे आहे? तपकिरी. शुद्ध लोकरीची."

"ती आत घातली. मधल्या थराला."

"आत?" त्यांचा आवाज फुटला. "सगळ्यात मोठा सत्कार माझा, तो आत? दिसणारसुद्धा नाही?"

"तीच एक जाड हुती," मुबारकबी म्हणाली. "बाकीच्या नुसत्या चमकायच्या. वर चमकनारी लावली, तरी अंगाला गरम करायला आत जाडच लागती. बाकीच्या सहांत आत जुनी लुगडी भरली, हिला उरली न्हाई. ती शाल नसती तर ही गोधडी न्हवती, ओढनी हुती."

वैजनाथराव काही बोलणार होते. धनश्रीने वर पाहिलं. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. ती म्हणाली, "आबा, ही शेवटची. हिचा एक काठ राहिलाय. तुम्ही रागवणार असाल तर रागवा, पण थोडं सरकून. उजेड अडतोय."

ते सरकले. राग यायला हवा होता आणि येत नव्हता, हे त्यांना फार चमत्कारिक वाटलं. मग ते म्हणाले, "आणि नेणार कशा? हातगाडीवरून? पहाटे? तीन किलोमीटर?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हा मुद्दा त्यांनी धरला नव्हता.

"मला वाटलंच," वैजनाथराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दोन आठवड्यांत पहिल्यांदा उपयोगाचा हेडक्लार्क आला. त्यांनी तिथूनच सूर्यभानना फोन लावला, पहाटे पाचला टेम्पो दारात उभा करायला सांगितला, आणि काड्यापेट्या आणू नका असंही सांगितलं.

शुक्रवारी पहाटे धुकं होतं. टेम्पोत पुढे सूर्यभान आणि वैजनाथराव, मागे गोधड्यांच्या ढिगावर दोन मुली. वैजनाथरावांनी भाषण खिशात घेतलं होतं, आणि फ्लेक्सही घेतला होता. तो छापलाच होता तर. तारखेवर कागद चिकटवून 'शुक्रवार' केलं होतं.

कोप्या मोडून झाल्या होत्या. ट्रॉलीत चिपाड, भांडी, शेळी, टोपलीखाली कोंबड्या आणि या सगळ्याच्या फटींतून सात पोरं बसवली होती. रंगुबाई दोरी बांधत होती. तिचा नवरा पुढच्या ट्रॉलीत सामान चढवत होता.

मुलींनी कोणाची वाट पाहिली नाही. टेम्पो थांबता थांबता त्या खाली उतरल्या आणि गोधड्या ट्रॉलीत देऊ लागल्या. एकाला एक. कोणाला कमी नाही, कोणाला वाटून द्यायची नाही. शिवकन्येने स्वतःची गोधडी हातात घेतली, आधी भावाकडे पाहिलं, शेजारच्या कोपीतल्या बाळाकडे पाहिलं. दोघंही आपापल्या गोधडीत गुरफटली होती. मग तिने ती अंगाभोवती घेतली, डोक्यावरून ओढली, चिपाडाला पाठ टेकली, आणि इन्शाला काही तरी म्हणाली. काय ते वैजनाथरावांना ऐकू आलं नाही. दोघी मुली हसल्या एवढं दिसलं.

रंगुबाई खाली उतरली. "कोनी दिलं हे, साहेब?"

हा प्रश्न म्हणजे भाषणाची सुरुवातच. वैजनाथरावांनी खिशातून चार पानं काढली. चष्मा लावला. सूर्यभाननी दिवा त्यांच्यावर पडेल असा टेम्पो फिरवला. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "उपस्थित मान्यवर..."

"आबा, हळू," धनश्री म्हणाली. "ती झोपली."

त्यांनी पाहिलं. सोनेरी काठाखाली नुसतं नाक दिसत होतं. तोंड थोडं उघडं. टेम्पोचा दिवा समोर, शेळीचं शेपूट गालावर, आणि पोरगी झोपली होती. नुसती झोपली नव्हती, गाढ झोपली होती, घरात झोपतात तशी. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की बाकीची सहाही आवाज करत नव्हती.

वैजनाथरावांनी चार पानांची घडी केली. त्यांना रडू येत होतं आणि कागदाकडे हात जात नव्हता.

"या पोरींनी दिलं," ते हळूच म्हणाले. "यांनीच शिवलं."

रंगुबाईने दोघींच्या डोक्यांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मग तिची नजर टेम्पोतल्या गुंडाळीवर गेली. "त्ये कापड कसलं हाय? वरून दव पडतंय पोरांवर."

फ्लेक्स ट्रॉलीवर ताणून बांधला गेला. भागवतराव आभाळाकडे नमस्कार करत राहिले. समितीच्या अध्यक्षांनी आणलेल्या वस्तूंपैकी ही एकच उपयोगी पडली.

अलीम नावाचा तरुण ट्रॅक्टरवर चढला. या भागात गाणं वाजल्याशिवाय उसाचा ट्रॅक्टर हलत नाही. मडगार्डवर दोन मोठे कर्णे होतेच. त्याने इंजिन सुरू केलं. वैजनाथरावांनी दचकून ट्रॉलीकडे पाहिलं.

"इंजनानं न्हाई उठायची ती," रंगुबाई वर चढता चढता म्हणाली. "गान्यानं उठती. नाचायला."

अलीमचा हात बटणाकडे गेला होता. वैजनाथराव इतके चपळ पुढे झाले, की सूर्यभान पुढे महिनाभर ते लोकांना करून दाखवत होते. छत्तीस वर्षं ज्या आवाजाने त्यांनी ऑफिस हलवलं होतं, त्याच आवाजात, पण कुजबुजत, ते म्हणाले, "गाणी लावायची नाहीत."

"पार नेवाशापर्यंत, साहेब?"

"नेवाशापर्यंत. लेखी देऊ का?"

"नगं," अलीमसुद्धा कुजबुजला. "न्हाई लावत."

ट्रॅक्टर हळूहळू रस्त्याला लागला. धुक्यात आधी ट्रॉली दिसेनाशी झाली, मग मागचा लाल दिवा. सूर्यभान टेम्पोत जाऊन बसले, मुली गारठून एकमेकींना चिकटल्या, सूर्यभाननी दोनदा हाक मारली. वैजनाथराव रस्त्याच्या कडेला कान देऊन उभे होते.

गाणं लागलं नाही.